रिमोटची जाडजूड किल्ली साडीत आणि कुर्त्यात सांभाळायची कशी?

राजेंद्रनगरची_मावशी

नमस्कार. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, वय ६१. गाडी मीच चालवते. यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, सकाळी सहाची वेळ, आणि मुलगा पुण्यात. म्हणून किल्लीचा प्रश्न माझ्यासाठी फार जवळचा आहे.

जुन्या गाडीची किल्ली बोटाएवढी होती, कमरेला खोचली की काम झालं. या बटणस्टार्ट गाडीची म्हणजे साबणाची छोटी वडीच. साडीत खोचली तर टोचते आणि वाकलं की घसरते. पर्समध्ये टाकली तर तळाशी जाते आणि चष्म्याच्या डबीखाली बटण दाबलं जाऊन गाडी आपोआप उघडते. दोनदा झालंय.

गेल्या रंगपंचमीला तर घातच झाला. मुलगा, सून, नातू आले होते, म्हणून गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला राजवाड्यापाशी गेलो. किल्ली कुर्त्याच्या खिशात. टँकरच्या पंपाचा फवारा थेट अंगावर आला, नखशिखांत गुलाबी झालो. परतताना गाडी उघडली, चालूही झाली, त्यामुळे किल्ली भिजल्याचं मनातूनच गेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला यांना हाताला धरून खाली आणलं आणि गाडी काही केल्या उघडेना. दुसरी किल्ली काढली, तर तिचा सेल पडून पडून संपलेला. शेवटी शेजारचे दादा झोपेतून उठून सोडायला आले. त्या दिवशी यांना मशीनवर घ्यायला पाऊण तास उशीर झाला. तो पाऊण तास मी विसरलेले नाही.

आता दुसरी किल्ली वापरते. तिच्या कडीत कपाट, फाटक, पंपघर सगळ्यांच्या चाव्या अडकवल्या होत्या. परवा मंडईत प्लॅस्टिकचं नाकंच तुटलं. सध्या रबरबँड लावलंय. कव्हर कोणतं घ्यावं? रबराचं, चामड्याचं की ते धातूचं चकचकीत? आणि आजेसासूबाईंचा चांदीचा कमरेचा छल्ला माझ्याकडे आहे, आकडा भक्कम आहे. त्याला ही किल्ली लावली तर चालेल का?

जेलरोडचा_कारागीर

काकू, रिमोट दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची किल्ली नुसत्या पाण्याने गेली नाही. सेल आत तसाच राहिला. आतल्या सर्किटच्या ओल्या पट्टीतून वीज वाहत राहिली की तांबं हिरवं पडून झिजतं, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून त्या दिवशी चालली आणि नंतर बंद पडली. रंगाच्या पाण्यात क्षार असतात, ते साध्या पाण्यापेक्षा वाईट. किल्ली भिजली की एकही बटण दाबू नका, आधी सेल काढा. मग पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवा आणि पंख्याखाली दिवसभर उघडी ठेवा. तांदळात पुरू नका, त्याची पूड बटणांत बसते. जुनी किल्ली फेकली नसेल तर कुणा चांगल्या कारागिराला दाखवा. आतली चिप शाबूत असेल तर पट्टी साफ करून, एखादा सांधा पुन्हा जोडून चालू होते. मी अशा पुष्कळ वाचवल्या आहेत.

धातूचं बंद कव्हर घेऊ नका, रेडिओ लहरी अडतात आणि गाडीला किल्ली सापडत नाही. रबराचं चालेल, पण आत घाम आणि धूळ साठते, महिन्यातून एकदा काढून पुसा. मला विचाराल तर जाड चामड्याचं घ्या, ज्याची कडी कव्हरलाच शिवलेली असते. वजन कव्हरवर येतं, किल्लीच्या नाकावर नाही. बाकी चाव्यांचा जुडगा मात्र वेगळाच ठेवा.

बडोदेकर_वहिनी

ताई, आमच्याकडे बडोद्यात नवरात्रात हीच अडचण. चणियाचोळीला खिसा नाही आणि गरबा तीन-तीन तास. मी एका वर्षी किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली, फेर घेताना गाठ सुटली आणि रात्री एकला मैदानात मोबाइलच्या उजेडात शोधत बसलो. तेव्हापासून चणियाच्या नेफ्याला आतून कप्पा शिवून घेते, तोंडाला चेन. घामासाठी किल्ली आधी झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. प्लॅस्टिकने सिग्नल अडत नाही, बटणंही वरूनच दाबता येतात. परकरालाही असा कप्पा सहज होतो. नाडीच्या बाजूला नको, उजव्या कुशीला घ्या.

ग्वाल्हेरचा_नाना

राजेंद्रनगरच्या वहिनी, कव्हराइतकीच एक गोष्ट आजच करून बघा. किल्लीच्या कडेला खटका असतो, तो सरकवला की आतून लोखंडी पातं निघतं. ड्रायव्हरच्या दाराला त्याचं भोक असतं, काही गाड्यांत मुठीच्या टोपणाखाली लपवलेलं. दार त्याने उघडतं. सायरन वाजला तर घाबरू नका, गाडी चालू झाली की थांबतो. मग ब्रेकवर पाय ठेवून किल्लीच स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि दाबा. सेल मेलेला असला तरी किल्लीतली छोटी चिप गाडीकडून मिळालेल्या विजेवर ओळख देते. काही गाड्यांत किल्ली ठेवायची जागा दुसरीकडे असते, पुस्तिकेत चित्र आहे. त्या पहाटे हे माहीत असतं तर दुसऱ्या किल्लीवर तुमची गाडी निघाली असती.

जेलरोडचा_कारागीर

नाना बरोबर बोलले. सेलचंही सांगतो. बऱ्याच किल्ल्यांत सीआर २०३२ लागतो, ३ व्होल्टचा. २० म्हणजे व्यास मिलीमीटरमध्ये, ३२ म्हणजे जाडी ३.२. दुकानदाराने २०२५ दिला तर घेऊ नका, पातळ असतो, हलतो. आणि काकू, नातू येतो म्हणालात. तुटलेल्या किल्लीचं झाकण सुटून हा सेल लहान मुलाच्या पोटात गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी तडक दवाखाना गाठा. रबरबँडवर राहू नका.

राजेंद्रनगरची_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. सेलचं वाचून आधी रबरबँड काढलं, कारागीर दादा, आणि बाजारातून किल्लीचं नवीन बाहेरचं खोकं आणून त्यात किल्ली बसवून घेतली.

नानांचं पातं काल दुपारी करून बघितलं. भोक खरंच टोपणाखाली होतं, चार वर्षांत मला दिसलं नव्हतं. सेल काढून किल्ली बटणाला टेकवली, गाडी चालू झाली. यांना खाली बोलावून त्यांच्याकडूनही दोनदा करून घेतलं.

चामड्याचं कव्हर घेतलं. त्याला जुन्या इरकलीच्या काठाचा छोटा बटवा शिवला आणि तो छल्ल्याच्या आकड्याला लावला. साडीवर उत्तम बसतो, वाकलं तरी घसरत नाही. कुर्त्यासाठी वहिनींचा कप्पा शिंप्याकडे दिलाय, गुरुवारी मिळेल. भिजलेली किल्ली डब्यात सापडली, शनिवारी जेल रोडला घेऊन येते. दुपारी दुकान उघडं असतं ना?