क्रिटिकल केअरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तयारी

प्रश्न: नर्स म्हणून नोंदणी होऊन दीड वर्ष झालं, वॉर्डात काम करते. आता क्रिटिकल केअरला (अतिदक्षता विभागातल्या शुश्रूषेला) जायचंय. प्रॅक्टिकलमध्ये नेमकं कुठे अडतं?

उत्तर १: आर्टेरियल लाइनवर, म्हणजे सतत रक्तदाब मोजायला धमनीत घातलेल्या नळीवर! आकडा सगळे वाचतात, ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) कुठे आहे ते बघत नाहीत. तो छातीच्या चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीला, काखेच्या मध्यरेषेवर हवा. १० सेंमी खाली राहिला तर दाब साधारण ७.५ एमएमएचजी जास्त दिसतो, आणि पेशंटचा खरा घसरलेला दाब झाकला जातो. पलंग वर-खाली केला की पुन्हा लेव्हल करायचं. प्रेशर बॅग (नळीतलं सलाइन दाबून ठेवणारी पिशवी) ३०० एमएमएचजीवर. सैल पडली की नळीत रक्त मागे येतं, मॉनिटरवरची लाट चपटी होते.

उत्तर २: एबीजीसुद्धा, म्हणजे धमनीतल्या रक्ताची वायू-तपासणी. आधी पीएच (आम्लता; ७.३५–७.४५), मग पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब; ३५–४५ एमएमएचजी), मग बायकार्ब (बायकार्बोनेट; २२–२६ mmol/L), याच क्रमाने वाचा. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा लगेच काढा, नाहीतर ऑक्सिजनचा आकडा फसवतो.

प्रश्नकर्ती: आणि लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही?

उत्तर १: वरिष्ठांची सही त्याच ड्यूटीत घ्या, ताई. आठवड्याने कुणाला नीट आठवत नाही. नुसतं ‘सक्शन केलं’ (श्वासनलिकेतला स्राव ओढून काढला) लिहू नका. का केलं, आधी-नंतर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) किती, तेही लिहा.