सभागृहात मोबाइल जॅमर बसवला तर चालतो का?

चिटणीस_वाचनालय
मंडळी, तालुक्याच्या गावी आमचं वाचनालय आहे, वरच्या मजल्यावर ३२० खुर्च्यांचं सभागृह. मी चिटणीस, म्हणजे तिकिटं फाडण्यापासून खुर्च्यांचे स्क्रू आवळण्यापर्यंत सगळं माझ्याकडे.

परवा एकांकिका स्पर्धा होती. बाप गेल्यानंतरचा प्रसंग. पोरगी आवंढा गिळून थांबलेली, सगळं चिडीचूप, आणि सातव्या रांगेत ढोलकीचा रिंगटोन! गृहस्थांनी चारही खिसे चाचपले, फोन काढला, बंद करायचा सोडून उचलला आणि म्हणाले, "नाटकात बसलोय, बोल." पोरीने वाक्य परत घेतलं बिचारीने, पण रंग गेला तो गेलाच.

आता आमचे एक विश्वस्त हट्टाला पेटलेत. साडेआठ हजारांचा जॅमर, म्हणजे फोनचं नेटवर्क अडवणारं यंत्र, ऑनलाइन हेरून ठेवलाय. "वास्तू आपली, वीजबिल आपलं, विचारतो कोण?" २०१९ मध्ये सुबोध भावेंनी फोन असेच वाजणार असतील तर नाटकात काम करणं थांबवतो, असं लिहिलं होतं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे आहे. कायद्यात बसतं का? सोमवारी बैठक आहे.

टॉवरखालचा
चिटणीस, ती ऑर्डर आधी थांबवा. वास्तू तुमची असेल, वरच्या रेडिओलहरी तुमच्या नाहीत. १९३३च्या वायरलेस कायद्यापासून परवान्याशिवाय असलं यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा. २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही ते दार उघडलेलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने स्पष्टच सांगितलं की खासगी संस्थेला जॅमर विकत घेता येत नाही, वापरता येत नाही. त्याची जाहिरात, विक्री, आयात हेही बेकायदा. साइटवर दिसतो म्हणून कायदेशीर, असं धरू नका. परवानगी लागते ती केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवालयाची. ती तुरुंग, सुरक्षा दलं, फार तर सरकारी परीक्षांसाठी. वाचनालयाचा नंबर त्यात लागत नाही.

आणि जॅमर 'फोन बंद करतो' हा गैरसमज. लग्नात दोघं कानगोष्टी करत असताना शेजारी डीजे लावला तर काय होईल? तेच. टॉवर ज्या फ्रिक्वेन्सीवर फोनशी बोलतो, तिथेच हा गोंगाट सोडतो. गोंगाटाला भिंत कळत नाही. तुमच्या भिंतीपलीकडे कोण आहे?

चिटणीस_वाचनालय
प्रसूतिगृह. भिंत सामाईक आहे.

टॉवरखालचा
मग बैठकीत एवढंच सांगा. शिवाय फोन चालतात ते ९००, १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर, वर फाइव्ह-जीचे पट्टे. साडेआठ हजारांत यातले किती अडतील? तुरुंगात जुने टू-जीचे जॅमर बसवले आणि कैदी फोर-जीवर गप्पा मारत राहिले, असं झालेलं आहे.

जर्सीकर
इकडे अमेरिकेतही तीच गत. फ्लोरिडात एकाने गाडीत जॅमर ठेवला होता, रस्त्यावरच्या इतरांनी फोनवर बोलू नये म्हणून. हेतू चांगला हो, पण टॉवरवाल्यांच्या लक्षात आलं आणि ४८,००० डॉलरचा दंड. आमच्या मंडळाच्या नाटकाला आम्ही नुसती विनवणी करतो. तरी वाजतोच.

विंगेतला
वीस वर्षं पडदा ओढतोय, म्हणून सांगतो. "कृपया मोबाइल बंद ठेवा" ही घोषणा कुणी ऐकत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं आपला बंदच आहे. आम्ही दुसऱ्या घंटेनंतर स्पीकरवर एक फोन जोरात वाजवतो. अख्खं सभागृह खिशात हात घालतं! मग तिसरी घंटा. डॉक्टर मंडळींना कडेची खुर्ची द्या, कंपनावर ठेवून बाहेर जायला सोपं. फोन जमा करायचे असतील तर कापडी पिशव्या आणि बिल्ले करा. तीनशे फोन एका टेबलावर ठेवलेत तर नाटक संपल्यावर दुसरा अंक दारात होतो.

चिटणीस_वाचनालय
बैठक झाली. प्रसूतिगृहाचं नाव निघालं आणि जॅमर बारगळला. विश्वस्तांनी मग लहरी अडवायला भिंतीत तांब्याची जाळी बसवायचं काढलं. रंगकामासाठीच पैसे नाहीत म्हटल्यावर तेही मिटलं. स्पीकरवरची घंटी मंजूर. पुढच्या शनिवारी पहिला प्रयोग. ढोलकीचाच रिंगटोन लावावा असा माझा आग्रह आहे, पण सातव्या रांगेतले ते गृहस्थ देणगीदार निघाले, म्हणून अध्यक्ष नको म्हणतायत.