डार्क बूटेड ईगल की घार? नुसत्या पिसाऱ्यावरून नोंद करावी का?

माळरानी:
रविवारी सासवडच्या पुढे माळावर गेलो होतो. पोल्ट्रीच्या कचऱ्यावर पन्नासेक घारी घिरट्या घालत होत्या आणि त्यांच्यातच एक जरा आटोपशीर पक्षी, खालून पूर्ण चॉकलेटी, शेपटी कात्रीने सरळ कापल्यासारखी. घरी येऊन फोटो उजळवले तर पंख जिथे मानेजवळ अंगाला मिळतात तिथे पुढच्या कडेला दोन पांढरे ठिपके, लँडिंग लाईट म्हणतात ना तेच! मी डार्क मॉर्फ बूटेड ईगल, म्हणजे या छोट्या गरुडाचा गडद रंगाचा प्रकार, म्हणून नोंद टाकली तर एका सिनियरने "घार आहे, काढून टाका" एवढंच लिहिलं, कारण नाही काही नाही. पिसाऱ्यात खूण दिसतेय तर अजून काय पाहिजे?

दुर्बीणवाले काका:
तो सिनियर मी नव्हे, पण मीही घारच म्हटलं असतं. लाईट मॉर्फ असता तर वादच नव्हता, खालून पांढरं अंग आणि काळी उड्डाणपिसं, लांबून पांढरं गिधाड वाटावं इतका ठसठशीत. डार्क मॉर्फचं तसं नाही. घारीची शेपटी खाचेची असते हे शाळेतलं ज्ञान, पण पूर्ण पसरली की खाच गायब होते, कडेची पिसं गळाली असली की तर विचारूच नका. आणि तुम्ही फोटो किती उजळवलात? आकाशाच्या उजेडात काळ्या पक्ष्याच्या शॅडो ओढल्या, म्हणजे फोटोतला गडद भाग उजळवला, की कडेला पांढरट झालर येते, ती मी स्वतः लँडिंग लाईट समजून फसलोय 😅 पिसारा शेवटी बघायचा. आधी उडणं. घार शेपटी सारखी सुकाणूसारखी पिळत असते आणि तिचे पंख मनगटात मोडल्यासारखे दिसतात.

पिसंवेडी:
काका, उडणं उडणं काय, फोटोत उडणं कुठून आणायचं? ज्याने पाहिलं त्याच्या आठवणीवर विश्वास ठेवायचा आणि समोर दिसतंय त्या पिसावर नाही, हे कसं काय?
@माळरानी, ठिपके सोडा. पंखाच्या टोकाकडची बोटं आहेत ना, ती संपली की आतल्या बाजूची दोन-तीन प्रायमरी, म्हणजे पंखाच्या बाहेरच्या भागातली लांब उड्डाणपिसं, बघा. बूटेडमध्ये तिथे फिकट पाचर असते, बाकी पंख काळसर. घारीला, त्यातही हिवाळ्यात येणाऱ्या काळ्या कानाच्या घारीला, फिकट चट्टा बाहेरच्या प्रायमरींच्या बुडाशी असतो, म्हणजे बोटांच्या मुळाशी. आत की बाहेर एवढंच बघायचं.

कोकणातला:
माझा बाळबोध प्रश्न, याला बूटेड म्हणतात ते पायावरच्या पिसांमुळेच ना? मग पाय झूम करून बघा की. घारीचा पाय उघडा पिवळा असतो, संपला विषय.

पिसंवेडी:
उडताना पाय पोटाखाली दुमडलेले, दिसणार काय डोंबल. आणि पायाच्या बोटांपर्यंत पिसं तर बोनेली गरुडालाही असतात. त्यावरून फार तर गरुड आहे एवढं कळेल, कुठला ते नाही.

दुर्बीणवाले काका:
पाचरेचा मुद्दा मान्य, पण ऊन मागून असलं की कुठलंही पातळ पीस फिकटच दिसतं. आणि मोहोळ घारीला, म्हणजे मधाच्या पोळ्यांवर येणाऱ्या त्या शिकारी पक्ष्याला, विसरलात तुम्ही सगळे. एकीचा पिसारा दुसरीला मिळेल तर शपथ, पांढरी आहे, तपकिरी आहे, पट्टेवाली आहे, जवळपास काळीही आहे. ती फक्त लांब मान आणि कबुतरासारख्या बारीक डोक्यावरून ओळखू येते. म्हणून म्हणतो, रंगावर जाऊ नका.

माळरानी:
फोटो क्रमांक 7 आत्ता टाकलाय, न उजळवता. वळताना पाठ दिसतेय.

पिसंवेडी:
हा आधी टाकायचा ना हो!! बूटेडची पाठ लाईट आणि डार्क दोघांत सारखीच असते, म्हणून खालून गोंधळ झाला की मी वरची बाजूच मागते. पंखावरचा फिकट आडवा पट्टा सोडून द्या, तो घारीलाही असतो. पण शेपटीच्या बुडाशी पांढरट यू आकार दिसतोय, तो घारीला नसतो. खांद्यावरही फिकट डाग आहेत. माझ्याकडून बूटेड.

दुर्बीणवाले काका:
यू आहे. दिला तुम्हाला हा पक्षी. पण फोटो 1 ते 6 वर ही नोंद मी आजही धरणार नाही, "अनोळखी शिकारी पक्षी" लिहून मोकळा होईन. त्यात कमीपणा कसला?

कोकणातला:
अवांतर: न्यूझीलंडचा नामशेष झालेला हास्ट गरुड, दहा-पंधरा किलोचं धूड, तो डीएनएनुसार या किलोभराच्या बुटक्याच्या जवळच्या नात्यातला निघाला, 2005 मध्ये. पिसारा बघून सुचलं असतं का कोणाला?

दुर्बीणवाले काका:
बघा, आता तुम्हीच माझी बाजू मांडताय 😄

माळरानी:
नोंद ठेवतोय, फोटो 7 सकट. कचऱ्याजवळ एक गडद पीसही पडलेलं दिसलं होतं, उचलून आणू का ताडून बघायला?

पिसंवेडी:
अजिबात नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, तिथेच सोडा. आणि पन्नास घारी असताना ते पीस कोणाचं निघणार हे मी आत्ताच सांगते.