सर्कस आणि जादू एकाच कार्यक्रमात: प्रेक्षक गोल बसवावेत का?

पंचवटीची आई: माझी मुलगी तीन वर्षं दोरीचा मल्लखांब करते. तिच्या सहा मैत्रिणी, जगलिंग करणारा एक कॉलेजचा मुलगा आणि जादू करणारे माझे काका मिळून तासाभराचा कार्यक्रम बसवतोय. प्राणी नाहीत, तंबू नाही, सोसायटीचा हॉल आहे. लहानपणी डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर सर्कस पाहिली होती, तसे प्रेक्षक चारी बाजूंनी बसावेत असं फार वाटतं. काका नको म्हणतात.

पत्तेवाला: ताई, काकांचं ऐका. मागे माणूस बसला की तळहातात दडवलेलं पान त्याला सरळ दिसतं. गोल रिंगण आलं ते घोड्यांमुळे. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली गोलात धावणाऱ्या घोड्यावर उभा राहून कसरती करायचा, पुढे ४२ फुटांचा व्यास रूढ झाला. अर्धगोल करा.

निवृत्त पीटी शिक्षक: त्याआधी सांगा, दोरी कुठे बांधणार? पंख्याच्या हुकाला मुळीच नको. मुलगी वरून झपकन घसरून थांबते तेव्हा तिच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ बसते. तुळई इंजिनिअरला दाखवा, खाली जाड गादी घाला. आणि निवेदनात बाळंभटदादा देवधरांचं नाव घ्या हो. मल्लखांबाचे आद्य गुरू आपल्याच जिल्ह्यातले, कोठुऱ्याचे!

पंचवटीची आई: सर, आम्ही हुकालाच बांधणार होतो. आजच इंजिनिअरला बोलावते. काकांना अर्धगोल कळवलाय.