गाणी सुटी झाली म्हणून अल्बम संपला, हे मला मान्य नाही

मंद्रसप्तक :
गेल्या आठवड्यात या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले होते, की मराठीतला शेवटचा खरा अल्बम म्हणजे पावसाच्या गाण्या-कवितांचा 'गारवा', त्यानंतर आली ती सगळी सुटी गाणी, आणि चाळीस मिनिटे एका जागी बसून ऐकण्याची सवयच आजच्या मुलांना नसल्यामुळे संगीतकारांचाही दम तेवढाच राहिला आहे. चार दिवस मी गप्प बसलो, पण त्याखाली पडलेल्या टाळ्या पाहून आज सविस्तर उत्तर लिहितो आहे.

ज्याला आपण अल्बम म्हणतो, त्याचा आकार कलावंतांनी कधी ठरवला? तो तबकडीने ठरवला. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. ती ऐकून कोणी म्हटले आहे का, की बाईंना पल्ला झेपला नाही? पुढे एलपी, म्हणजे सावकाश फिरणारी मोठी तबकडी, आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली, कॅसेट आली आणि तीस मिळाली. गाणे भांड्याप्रमाणे आकार घेत आले आहे, आणि आजचे भांडे पुन्हा लहान झाले आहे, एवढेच घडले आहे.

आता 'गीतरामायणा'कडे पाहा. मराठी घरांत याहून मोठा गीतसंच कोणता? पण १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर ते आले, ते आठवड्याला एक गाणे या हिशेबाने. वर्षभर लोकांनी छप्पन्न गाण्यांची वाट पाहिली. माणिक वर्मा, ललिता फडके असे वेगवेगळे आवाज त्यात होते, आणि आपण ज्यावर वाढलो तो सलग बाबूजींच्या आवाजातला संच नंतरचा आहे. म्हणजे ज्याला आज नाके मुरडली जातात, त्या 'एका वेळी एक गाणे' याच रीतीने आपले सर्वांत लाडके काम लोकांपर्यंत पोहोचले.

शिवाय ज्या जुन्या एलपींच्या नावाने आपण गळा काढतो, त्यांतल्या कितीतरी नुसत्या जुळण्या होत्या. आधीच वाजून गेलेली भावगीते कंपनीने गोळा केली, मुखपृष्ठावर गायिकेचे छायाचित्र टाकले, की झाला अल्बम. त्या क्रमामागे कोणाचाही विचार नव्हता. उलट 'सैराट'मध्ये चारच गाणी आहेत आणि त्यांतले एकही भरतीचे नाही.

कृष्णाकाठ :
ज्या सदस्याला आपण उत्तर दिले, तो मीच. आपण अभ्यासाने लिहिले आहे याबद्दल वाद नाही, पण मुद्दा निसटला आहे. गीतरामायण आठवड्याला एक गाणे असे आले हे खरे, परंतु पहिले गाणे ऐकणाऱ्याला ठाऊक होते, की पुढे वनवास आहे, सेतू आहे, लंका आहे. गदिमा आणि बाबूजी यांनी एकच मोठी इमारत बांधायला घेतली होती आणि दर आठवड्याला एक मजला चढत होता. आज जे सुटे गाणे येते, त्याच्यापुढे काय आहे? काही नाही. दोन महिन्यांनी दुसरे गाणे येते आणि त्याचा पहिल्याशी कसलाही संबंध नसतो. एकेक येणे आणि सुटे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्याकडे 'शिवकल्याण राजा'ची तबकडी होती. राज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ सालातली. रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा वेगवेगळ्या काळांतल्या कवींना हृदयनाथांनी एका सुतात ओवले, लताबाईंनी गायिले आणि मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचे निवेदन. वडील रविवारी सकाळी आंघोळ करून, तबकडी मऊ फडक्याने मधून कडेकडे न पुसता गोल फिरवत पुसून, मगच सुई ठेवत. बाजू संपली की सुई शेवटच्या चरीत खर्र खर्र करीत राही, आणि ती उचलून तबकडी उलटण्याचे काम माझे होते. 'वेडात मराठे वीर'च्या आधी उठून कोणी पाणी प्यायला गेले, तर वडील बोलत नसत, पण तसे पाहत की पुन्हा कोणी उठत नसे. ही शिस्त त्या क्रमाने आम्हाला लावली. आज माझा नातू तेच गाणे कोणत्याशा नाचाच्या गाण्यानंतर ऐकतो, कारण यंत्राने ते तसे लावले. त्यात त्याचा दोष नाही, पण हे नुकसान आहे, आणि नुकसानाला नुकसान म्हणू द्या.

तीनताल :
निवेदनाचा विषय निघालाच आहे, तर मनातले सांगतो. मला निवेदन सहन होत नाही. पहिल्यांदा ऐकताना ते छान वाटते, दहाव्यांदा ऐकताना माणूस गाण्याची वाट पाहत बसतो. सुट्या गाण्यांमुळे माझी त्यातून सुटका झाली आणि मी त्याबद्दल आभारी आहे.

कृष्णाकाठ :
मग आपण गाणे ऐकता, संच ऐकत नाही. 'गारवा'मधल्या गाण्यांच्या मधे वाचलेल्या कविता काढून टाका, आणि मग मला सांगा की पाऊस तेवढाच पडतो. १९९८ च्या त्या पावसाळ्यात कोल्हापूर-रत्नागिरी गाडीत चालकाने ती कॅसेट लावली होती, आणि आंबा घाटात कविता सुरू असताना सबंध गाडी गप्प होती. गाण्याला नव्हे, कवितेला.

ओवी :
मला दोन्ही बाजूंना एक प्रश्न विचारायचा आहे. त्या कविता लिहिणाऱ्याचे नाव आज मोबाइलवर ते गाणे लावले तर दिसते का? मी तपासते आणि माझा जीव जळतो. गायकाचे नाव ठळक, कंपनीचे नाव त्याखाली, आणि कवीचे नाव तीन ठिकाणी बोट दाबल्याशिवाय मिळत नाही, किंवा मिळतच नाही.

हे मी परक्याच्या दुःखाने लिहीत नाही. माझे मामा कवी होते. प्रसिद्ध नव्हते, शाळेत शिकवत आणि रात्री लिहीत. त्यांच्या दोन कविता एका भावगीतांच्या कॅसेटमध्ये आल्या होत्या. घरी पेढे वाटले होते. आता ती गाणी सगळीकडे उपलब्ध आहेत, हजारो लोक ऐकतात, आणि गीतकाराच्या जागी गायकाचेच नाव आहे. आम्ही कंपनीला तीन पत्रे लिहिली, एकाचेही उत्तर आले नाही. मामा गेल्या वर्षी गेले. अल्बम जिवंत आहे की मेला, यावर आपण खुशाल भांडा, पण कॅसेटच्या डबीत घडीचा एक कागद असे आणि त्यावर कवीचे नाव असे. माझ्या मते खरे काही गेले असेल, तर तो कागद गेला.

मंद्रसप्तक :
ओवीताई, मामांबद्दल वाचून वाईट वाटले. परंतु त्या कागदाविषयी एवढे हळवे होण्याआधी एसटी स्थानकाबाहेरच्या टपऱ्या आठवाव्यात. तेथे 'गाजलेली भावगीते' म्हणून ज्या कॅसेट मिळत, त्यांवर गाणे मूळ आणि आवाज तिसऱ्याचाच असे, गायकाचे नाव वाचायला भिंग लागे, आणि कवीला तर कोणी विचारतच नसे. मी स्वतः दहावीपर्यंत एक गाणे चुकीच्या गायिकेचे समजत होतो.

ओवी :
चोरांनी नाव लिहिले नाही, म्हणून मालकानेही लिहू नये, असे आपले म्हणणे आहे का? टपरीवरच्या कॅसेटची तुलना आजच्या अधिकृत कंपन्यांशी करताना आपण कोणाची बाजू घेतो आहोत, याचा विचार करा. आकाशवाणीवर गाणे लागण्यापूर्वी निवेदक गायक, गीतकार, संगीतकार अशी तिन्ही नावे सांगत. त्याला दहा सेकंद लागत. ती दहा सेकंदे कोणाला जड झाली?

तीनताल :
कायद्याने हा प्रश्न सोडवला आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी किल्ला लढवला, आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा करार करूनही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली.

ओवी :
तरतूद मला माहीत आहे. पण वाटा कोणाला द्यायचा, हे नोंदीतल्या नावावरून ठरते, आणि नोंदीत नावच चुकीचे असेल तर ती तरतूद आमच्या घरापर्यंत येणार कशी? शिवाय मी पैसे मागितलेले नाहीत. मी नाव मागते आहे. या दोन गोष्टी आपल्याला एकच वाटतात, याचा मला राग येतो.

तीनताल :
राग समजला. मी कायदा सांगितला, तो पुरेसा आहे असे म्हणालो नव्हतो. पण हो, 'सोडवला' हा शब्द मी वापरायला नको होता.

एकतारी :
नावांचा विषय निघाला म्हणून लिहितो. किशोरीताई आमोणकरांनी गायिलेला 'अवघा रंग एक झाला' मी परवा लावला, तर कवीच्या जागी 'पारंपरिक' असे होते. तो अभंग संत सोयराबाईंचा आहे, चोखोबांच्या पत्नीचा. ज्या बाईला देवळाच्या पायरीशी अडवले गेले, तिचे नाव सहा-सात शतकांनी पुन्हा पुसायचे आणि वर परंपरेच्या नावाने गौरव करायचा, हे मला पाहवेना. ज्ञानोबा-तुकोबांचीही यातून सुटका नाही.

पण लक्षात घ्या, आपल्या संतांना हे ठाऊक असावे. त्यांनी नाव कागदावर ठेवलेच नाही, ते शेवटच्या चरणात गुंफले. 'म्हणे चोख्याची महारी' हे शब्द किशोरीताईंच्या गळ्यातून आल्याशिवाय तो अभंग पुरा होत नाही. मात्र त्यासाठी शेवटपर्यंत ऐकावे लागते. आज पंधरा-तीस सेकंदांचा तुकडा चित्रफितीखाली लावतात, तो नेहमी ध्रुवपदाचा असतो, आणि नाममुद्रेपर्यंत कोणी पोहोचतच नाही.

मंद्रसप्तक :
हा मुद्दा मला सुचला नव्हता, आणि तो माझ्या विरुद्ध जातो हेही दिसते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या पहिल्या तबकड्या झाल्या, तेव्हा गाणे संपताच त्या आपले नाव मोठ्याने सांगत, कारण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे त्यावरून कळे. म्हणजे नाव गाण्यातच ठेवण्याची गरज यंत्राच्या पहिल्या दिवसापासून आहे. नावांपुरते मी ओवीताईंचे म्हणणे मान्य करतो. अल्बमविषयीचे माझे मत मात्र तसेच आहे.

रात्रपाळी :
मी पुण्याचा, वय चोवीस. येथे सगळे 'आजची मुले' म्हणून आमच्याविषयी बोलत आहेत, पण आम्हाला कोणी विचारत नाही. रॅपर एमसी स्टॅन आमच्या पुण्याचा. त्याचा 'तडीपार' २०२० मध्ये आला आणि 'इंसान' २०२२ मध्ये. हे दोन्ही अल्बम आहेत, आणि आम्ही ते क्रमानेच ऐकतो. मी रात्री गोदामात काम करतो. 'तडीपार' आला तेव्हा आम्ही पाचजण चहाच्या सुट्टीत एकाच फोनभोवती बसलो आणि पहिल्यापासून लावला. एकाने मधले गाणे वगळायला बोट पुढे केले, तर बाकीच्यांनी त्याचा हात धरला. कृष्णाकाठ काका, आपल्या वडिलांनी ज्या नजरेने पाहिले असेल, त्याच नजरेने आम्ही त्याच्याकडे पाहिले.

कृष्णाकाठ :
ती भाषा मराठी नाही आणि त्यातले शब्द घरात लावण्यासारखे नाहीत. त्याला 'शिवकल्याण राजा'च्या पंक्तीला बसवू नका.

रात्रपाळी :
मी पंक्तीला बसवले नाही. आपण म्हणालात, की आम्हाला क्रमाने ऐकता येत नाही. येते, एवढेच मी सांगितले. भाषा आमच्या वस्तीची आहे, आणि आमच्या वस्तीत लोक जसे बोलतात तशी आहे. एकतारी यांनी आत्ताच सोयराबाईंविषयी लिहिले, त्याला आपण सगळ्यांनी मान डोलावली. आज वस्तीतला मुलगा आपले नाव आपल्याच गाण्यात मोठ्याने घेतो, तर ते आपल्याला का खटकते?

कृष्णाकाठ :
तुलना मला मुळीच पटलेली नाही आणि पटणारही नाही. अभंग आणि हे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण पाचजणांनी मिळून एकाचा हात धरला, हे मात्र मी खोडू शकत नाही. 'आजच्या मुलांना सवय नाही' हे वाक्य मी मागे घेतो. 'गारवा'विषयीचे मागे घेत नाही.

ओवी :
काल रात्री माळ्यावरची पेटी उतरवून मामांची ती कॅसेट शोधली. फीत बुरशीने चिकटली आहे, ती आता वाजणार नाही. पण कागद निघाला. घडीवर फाटलेला आहे, तबला, बासरी, ध्वनिमुद्रक अशी सगळ्यांची नावे बारीक टाइपात आहेत. मामांचेही आहे, आणि त्यांच्या आडनावातली वेलांटी चुकली आहे. मंद्रसप्तक, त्या कागदाविषयी मी जास्त हळवी झाले होते, हे आपले म्हणणे तेवढ्या वेलांटीपुरते खरे धरा. ती चूक मामांनी स्वतः निळ्या शाईने दुरुस्त केलेली आहे. त्या कागदाचे छायाचित्र जोडून कंपनीला चौथे पत्र आज टाकले.