विषय: गुरुवारपर्यंत सांगा, पुण्याहून कुठली पुस्तकं आणायची?

प्रेषक: अदिती

मंडळी, शिरीषदादा शुक्रवारी निघतायत. येताना पुस्तकांसाठी सहा किलो जागा देतो म्हणालेत. सहा म्हणजे सहाच, मागच्या वेळेसारखं "जाता जाता पाव किलो भाजणी" कोणी घुसवू नका.

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शुक्रवारी फोरलेझेटाग, म्हणजे इथला जर्मनीतला मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायचा दिवस आहे, आणि वाचनालयानं आपल्याला अर्धा तास दिलाय. शिवाय आपला नेहमीचा गोष्टीचा तास आहेच. कपाटातली पुस्तकं मुलांना पाठ आहेत. जी पाठ नाहीत ती का नाहीत, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायची पुस्तकं हवीत, त्यांनी आपली आपण वाचायची नव्हेत. नावं पाठवा.

---

प्रेषक: वसंतकाका

'श्यामची आई' नसेल तर मराठी मंडळ म्हणवून घेऊ नका. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि मुळात ते सांगण्याचंच पुस्तक आहे. श्याम रात्री मित्रांना गोष्ट सांगतो, म्हणून प्रकरणाला प्रकरण न म्हणता 'रात्र' म्हटलंय. एका बैठकीला एक रात्र, वेळेचं गणित आयतं जमलेलं. यापेक्षा वाचून दाखवण्यासारखं काय असणार?

---

प्रेषक: मुग्धा

काका, तुम्हाला नाही म्हणताना जीभ अडखळते, पण साडेचार वर्षांच्या पोराला आईचं आजारपण, कर्ज आणि मरण झोपायच्या आधी? आमच्याकडे त्या रात्री कोणीच झोपलं नव्हतं. थोरल्यांना द्या, त्यातही निवडून. आंघोळीनंतर श्यामच्या पायाला माती लागू नये म्हणून आई लुगड्याचे ओचे पसरते, ती रात्र सहा वर्षांच्याला नीट कळते.

माझी अडचण वेगळीच आहे. छापलेलं असतं 'सांगितले, गेले, म्हणाले'. मी तसंच वाचलं की लेक विचारते, "आई, तू बातम्यांसारखं का बोलतेस?" मग वाचता वाचता डोक्यात 'सांगितलं, गेलं' करत बसावं लागतं, आणि तिसऱ्या ओळीला मी ठेचकाळते. माधुरी पुरंदरेंच्या 'राधाचं घर'मध्ये ही कसरत नाही. घरात बोलतो तसंच छापलंय, चित्रंही त्यांचीच. पान उलटायच्या आत लेक चित्रातलं काहीतरी दाखवते आणि दहा मिनिटं तिथंच जातात. माझ्या मते वाचन तेच.

---

प्रेषक: वसंतकाका

आम्ही 'सांगितले' ऐकतच मोठे झालो, आमचं काय बिघडलं? पोरांच्या कानाला दोन्ही मराठ्या हव्यात. सगळं घरच्यासारखंच करायचं तर पुस्तक कशाला, गप्पा मारा.

---

प्रेषक: सुवर्णा

'सांगितलं' तरी कोणाच्या घरचं, मुग्धा? माझी आजी अमरावतीची. ती म्हणायची, "काय करून राहिली गं?" तसं छापलेलं बालपुस्तक मला अजून हाती लागलं नाही. मी राधाच्या आजीला खुशाल वऱ्हाडी बोलायला लावते. मुलांना तीच आजी जास्त आवडते.

आणि अदिती, कपाटाबद्दल जपून. ते माझ्या तळघरात आहे, किल्ली माझ्याकडे आहे, आणि पाडव्यापासून चार पुस्तकं कोणाकडे आहेत तेही वहीत लिहिलेलं आहे. नवीन आली की आधी माझ्याकडे येतील, शिक्का बसेल, मग गोष्टीचा तास.

---

प्रेषक: हेमंत

पाव किलो भाजणी नव्हती, अर्धा किलो होती, आणि थालीपीठं सगळ्यांनी खाल्ली.

---

प्रेषक: केदार

विकत कशाला आणायची? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या, छापून घ्यायचीही परवानगी आहे. बालभारतीच्या 'किशोर'चे 1971 पासूनचे अंक नेटवर आहेत. वाचनालयात पडदा आहे. चित्र मोठं दिसलं की जर्मन पोरंही बसतील.

---

प्रेषक: मुग्धा

पडदा नको. मुलं पडद्याकडे बघतात, वाचणाऱ्याकडे नाही. स्टोरीवीव्हरचं मात्र बरोबर. पातळी एकची गोष्ट जर्मन पोरांनाही चित्रांवरून कळेल, आणि पानावर एक-दोनच वाक्यं असल्यानं वाचणाऱ्याला आवाज बदलायला सवड मिळते. मोठ्या कागदावर रंगीत छापून आणणारं कोणी आहे?

---

प्रेषक: शिरीष

मी सगळं वाचलं. काही विनंत्या. दुकानांसाठी मला एकच सकाळ आहे, त्यामुळे अप्पा बळवंत चौकात मिळेल तेवढंच. जाड पुठ्ठ्याची नकोत, सहा किलोत मोजकीच बसतील. आणि एकाच पुस्तकाच्या तीन प्रती हव्यात की तीन वेगवेगळी, ते आधी ठरवा. मागच्या वेळी पोरांनी एका प्रतीवरून ओढाताण केली आणि पान फाटलं.

कविता कोणीच मागितल्या नाहीत. विंदांचं 'एटू लोकांचा देश' मी स्वतःच्या पैशानं आणतो. ठेका पक्का आहे, अर्थ कळला नाही तरी पोरं दुसऱ्या ओळीपासून टाळ्या वाजवतात. आमच्या घरी जर्मन जावईसुद्धा वाजवतो.

---

प्रेषक: वसंतकाका

विंदा चालतील. पण श्याम?

---

प्रेषक: अदिती

ठरवून टाकते. राधाची पुस्तकं दोन संच, विंदा एक, 'श्यामची आई' एक, फक्त मोठ्या गटासाठी. काका, तुम्ही स्वतः वाचणार असाल तरच. आधी मुग्धाशी बोलून 'रात्र' निवडा आणि छापलंय तसंच 'म्हणाले' वाचा, बघू पोरं काय करतात. वाचनालयासाठी स्टोरीवीव्हरच्या दोन गोष्टी, छपाई केदारकडे. पडदा नाही.

पुस्तकं आधी सुवर्णाताईंकडे जातील. शिक्का एका संध्याकाळीत होईल ना, ताई?

---

प्रेषक: सुवर्णा

आधी ती चार परत येऊ देत.