प्रोसेसर बदलावा की सगळा संगणकच?
(लातूर, औसा रोड परिसरातील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

बी-२०४:
सर्व सभासदांना नमस्कार. विषय टँकरचा किंवा लिफ्टचा नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. धाकट्याची बारावी आणि त्यामागोमाग सीईटी आटोपली असून, परीक्षेपुरता कपाटावर चढवून ठेवलेला संगणक दिल्या शब्दाप्रमाणे मी खाली उतरवला आहे. २०१९ साली घेतलेल्या या संगणकात रायझन ३ १२०० हा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडले जातात तो मुख्य बोर्ड), ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आहे. ऐन चकमकीत गेम अडखळतो, अशी मुलाची तक्रार आहे. एका दुकानात दाखवले असता मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर हे तिन्ही बदलावेच लागतील, असे सांगण्यात आले. माझी तयारी पंधरा हजारांपर्यंत आहे. नुसता प्रोसेसर बदलून भागेल का, हे जाणकारांनी सांगावे.

सी-१०१:
काका, दुकानदाराचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तुमच्या बोर्डाचा एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, आता जुना झाला. आज पैसे घालायचेच असतील तर त्यानंतरच्या एएम५ वर जावे, म्हणजे पुढे चार-पाच वर्षांनी पुन्हा फक्त प्रोसेसर बदलता येईल.

ए-३०२:
सी-१०१ यांचा मुद्दा नवा संगणक घेणाऱ्यासाठी योग्य आहे. पण एएम५ वर फक्त डीडीआर५ ही नव्या प्रकारची रॅम चालते, म्हणजे मदरबोर्ड आणि प्रोसेसरबरोबर रॅमही नवी घ्यावी लागेल आणि इतका खर्च करूनही ग्राफिक्स कार्ड तेच जुने राहील. पंधरा हजारांत हे बसत नाही, आणि ओढूनताणून बसवलेच तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असताना विद्यार्थ्यांना एकच सवय लावत असे, ती म्हणजे दोष कुठे आहे हे मोजल्याशिवाय सुटा भाग बदलायचा नाही. इथे मोजमाप सोपे आहे. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के होतो ते पडद्यावर दिसेल अशी सोय करावी, आणि मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचा बारकावा, १०८० वरून ७२० वर आणावे. कार्डावरचा भार असा हलका केल्यावर फ्रेम (सेकंदाला तयार होणारी चित्रे) भरपूर वाढल्या, तर अडचण कार्डाची होती. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या आणि कार्डही अर्धवट रिकामे बसलेले दिसले, तर कार्ड प्रोसेसरची वाट पाहत आहे असे समजावे. मुलगा जे दोन-तीन गेम खरोखर खेळतो, त्या प्रत्येकावर ही परीक्षा वेगळी घ्यावी. मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तेही कळवावे.

बी-२०४:
सर, आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री मुलाने मोजून पाहिले. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन गेममध्ये एरवी ११०च्या आसपास फ्रेम मिळतात, पण धुमश्चक्री सुरू झाली की आकडा ५५पर्यंत घसरतो. रिझोल्यूशन कमी केले तरी तो तसाच घसरला. त्या वेळी कार्डाचा वापर निम्म्याच्या जवळपास होता आणि प्रोसेसरचे चारही कोअर (काम करणारे भाग) शंभर टक्क्यांना टेकलेले होते. मोठा नकाशा आणि कथानक असलेला एक गेम तो एकट्याने खेळतो, तिथे मात्र कार्ड ९८ टक्क्यांवर होते आणि रिझोल्यूशन उतरवताच फ्रेम वाढल्या.

ए-३०२:
म्हणजे एकाच संगणकाने दोन उत्तरे दिली, आणि दोन्ही खरी आहेत. पहिल्या गेममध्ये प्रोसेसर बदलल्याचा फायदा स्पष्ट दिसेल. दुसऱ्यात जवळजवळ काहीच फरक पडणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर नवा प्रोसेसर बसवल्यावर त्याचा हिरमोड होईल. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असल्याने सरासरी ११०वरून १८०वर गेली तरी डोळ्यांना विशेष काही जाणवणार नाही. जाणवते ते ५५पर्यंत पडणे, आणि आपल्याला दुरुस्त तेवढेच करायचे आहे. रायझन ३ १२०० मध्ये ४ कोअर आणि ४च थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी चारच कामे चालतात. गेमच्या मागे ब्राउझर आणि मित्रांशी बोलण्याचे ॲप उघडे असले, तर त्यांची कामेही याच चौघांना उरकावी लागतात.

माझी शिफारस रायझन ५ ५६०० ची आहे. तो २०२२ साली आला, पण सॉकेट तोच एएम४ आहे. त्यात ६ कोअर, १२ थ्रेड आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती) आहे. टीडीपी, म्हणजे ढोबळमानाने उष्णतेचा व विजेचा आकडा, दोन्ही प्रोसेसरांचा ६५ वॅटच असल्याने एसएमपीएस बदलण्याचा प्रश्न येत नाही.

सी-१०१:
सर, रायझन ५ ५५०० मध्येही ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत आणि तो त्याहून स्वस्त मिळतो. मग ५६०० च कशाला?

सी-४०३:
मी घरून सॉफ्टवेअरचे काम करते आणि गेल्या वर्षी माझ्या बी४५० बोर्डावर हाच बदल केला आहे, म्हणून अनुभवावरून सांगते. ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबीच आहे, आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये हा फरक दिसतो. ५५०० मध्ये पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड जोडणारा मार्ग) ३ आहे आणि ५६०० मध्ये ४ आहे, असेही दुकानात सांगतात. मात्र बी४५० बोर्ड स्वतःच पीसीआयई ३ चा असल्यामुळे काकांनी त्या मुद्द्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. किमतीत हजार-दीड हजाराचाच फरक असेल तर ५६०० घ्यावा, फरक जास्त असेल तर ५५०० घेऊन उरलेल्या पैशांत रॅम घ्यावी. ५६००जी च्या वाटेला जाऊ नये. त्यातही कॅश १६ एमबीच आहे आणि त्याच्या अंगची ग्राफिक्सची सोय, वेगळे कार्ड असलेल्या संगणकात, नुसती पडून राहते. ९६ एमबी कॅशचा ५८००एक्स३डी कोणी सुचवील, पण १६५० कार्डाबरोबर तो घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

रॅमचा मुद्दा मात्र कोणी काढला नाही. एकच रॅम असल्यामुळे मेमरी एकाच चॅनेलवर (मार्गावर) चालते, आणि त्यानेही गेम अडखळतो. त्याच वेगाची आणखी एक ८ जीबी रॅम घ्यावी. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवाव्यात. माझ्याकडे दोन्ही रॅम शेजारी शेजारी लावून दिल्या होत्या, आणि ते माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले.

ए-३०२:
ताईंनी रॅमची आठवण केली ते बरे झाले. आणखी एक कारण ५६०० च्या बाजूचे आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि रायझन ३ १२०० हा विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत नाही. ५६०० त्या यादीत आहे. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात, तेव्हा बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रणालीत, त्या सुरू कराव्यात.

आता कामाचा क्रम, कारण नुकसान इथेच होते. नवा प्रोसेसर बसवण्यापूर्वी, जुन्यावर संगणक चालू असतानाच, बायॉस अद्ययावत करावा. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर कोणत्या आवृत्तीपासून ५६०० चालतो, याची यादी असते. बायॉस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि आपल्याकडे दुपारी वीज कशी जाते हे मी सांगायला नको. संगणक यूपीएसवर असल्याखेरीज हे काम हाती घेऊ नये. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवावी, कारण प्रोसेसर बदलल्यावर संगणक ती मागू शकतो.

एएम४ च्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर (पंखा) यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकलेली असली की कूलर वर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी अर्धा तास गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग संगणक बंद करून वायर काढावी आणि कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवावा. जोर लावू नये.

बी-२०४:
सर, खोलीत पाण्याचा कूलर चालतो आणि मे महिन्यात पारा ४०च्या वर असतो. प्रोसेसरबरोबर येणारा पंखा पुरेल का?

ए-३०२:
पुरेल. खोक्यात येणारा ५६०० पंख्यासह मिळतो आणि त्याची कमाल मर्यादा ९० अंश आहे. ट्रे म्हणून विकला जाणारा सुटा प्रोसेसर मात्र पंख्याविना येतो, म्हणून बिल आणि खोके पाहूनच पैसे द्यावेत. पाण्याच्या कूलरचा ओला झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नये, आणि सहा वर्षांची धूळ त्याच दिवशी काढून घ्यावी.

बी-२०४:
सर्वांचे आभार. लातुरात खोकेबंद ५६०० हाताशी नव्हता, म्हणून पुण्याहून मागवला आहे. जुळणारी रॅम इथेच मिळाली. दोन्ही मिळून खर्च ठरल्या रकमेच्या आत बसला. रविवारी सकाळी नऊ वाजता काम करायचे ठरवले आहे. सी-४०३ ताईंचा यूपीएस दोन तासांसाठी मिळाला तर फार बरे होईल.

सी-४०३:
जरूर न्या, काका. शनिवारी रात्रीच चार्जिंगला लावून ठेवते.

सी-१०१:
काका, तुमचा जुना प्रोसेसर विकणार असाल तर मला सांगा. माझ्या भावाच्या संगणकासाठी हवा आहे.

ए-३०२:
त्याआधी भावाच्या बोर्डावर बायॉसची कोणती आवृत्ती आहे ते पाहून घ्या. नव्या प्रोसेसरांसाठी जागा करताना काही बोर्डांच्या पुढच्या आवृत्त्यांनी पहिल्या पिढीचे रायझन यादीतून काढून टाकले आहेत. त्यामुळे बी-२०४ यांनाही सांगतो, की बायॉस बदलल्यावर जुना प्रोसेसर परत बसवण्याची वाट कदाचित उरणार नाही. म्हणून नवा प्रोसेसर हातात पडून, त्याच्या पिना नीट तपासून झाल्यावरच बायॉसला हात लावावा.